आधी माणूस सांगा

पवनीत साडी घ्यायची तर खिशात पैसे असले की भागतं. सोमाजींच्या दुकानात मात्र भागत नाही. तिथे आधी तोंडी परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्यात नापास झालेल्यांत मोठमोठी माणसं आहेत. एक तहसीलदार आहेत, दोन डॉक्टर आहेत, लग्नं जमवणाऱ्या एक बाई आहेत आणि एकदा, सांगायला लाज वाटते, मीही होतो.

परीक्षेत प्रश्न एकच. गिऱ्हाईक पायरी चढून आत येतं, गादीवर टेकतं आणि म्हणतं, "जरा करवतकाठी कोसा दाखवा." कोसा म्हणजे आमच्याकडचं टसर, आणि काठावर करवतीसारखे दाते विणलेले, म्हणून करवतकाठी. त्याचं कपाट सोमाजींच्या पाठीशी हातभर अंतरावर आहे. पण सोमाजी हलत नाहीत. चष्म्याच्या वरून पाहतात आणि विचारतात, "कोनासाठी?"

"दाखवा तर आधी."

"आदी मानूस सांगा. मंग पातळ दाखवतो."

साडीला ते पातळच म्हणतात. तहसीलदार नवीन बदलून आले होते, त्यांना हे ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "बायकोसाठी."

"कशी हाय?"

साहेबांचे कान लाल झाले. "कशी म्हणजे?"

"म्हनजे उंच का ठेंगनी? गोरी का सावळी? चालते झपझप का दमानं? झपझप चालनारीच्या पायात जड काठ येते, साहेब. पडली तर नाव माह्यं खराब होते."

साहेबांनी बावीस वर्षांच्या संसारात बायको चालताना पाहिली नव्हती. म्हणजे पाहिली असेल, पण लक्ष दिलं नव्हतं. त्यांनी तिथूनच फोन लावला आणि दबक्या आवाजात विचारलं, "अगं, तू कशी चालतेस?" पलीकडून जे उत्तर आलं ते शेजारच्या माझ्या दुकानापर्यंत ऐकू आलं. साहेब रिकाम्या हातानं गेले. दुसऱ्या दिवशी बाईसाहेब स्वतः आल्या, झपझप चालत, आणि हलक्या काठाची दोन पातळं घेऊन गेल्या.

एकदा एकानं सारखी दोन पातळं मागितली. एक बायकोला, एक भावजयीला.

"दोघी सारख्या हायेत का?"

"नाही जी."

"मंग पातळ काहून सारखं?"

"भांडण नको म्हणून."

"भांडन का पातळाचं असते, बाप्पा?" असं म्हणून सोमाजींनी एक जांभळं काढलं, एक मोरपंखी काढलं, आणि कोणतं कोणाला हे चिठ्ठीवर लिहून दिलं. लग्नं जमवणाऱ्या बाईंना मात्र त्यांनी हात हलवत परत पाठवलं. बाईंना दहा पातळं आधीच घेऊन ठेवायची होती, जी मुलगी ठरेल तिला द्यायला. "पोरगी ठरली की येजा," सोमाजी म्हणाले. "बिनमानसाचं पातळ नाय देत मी."

मी हे सगळं भिंतीपलीकडून ऐकत आलो आहे. माझा फोटो स्टुडिओ. आमच्या जिल्ह्यातून गोंदिया तुटून वेगळा जिल्हा झाला त्या सुमाराला मी तो काढला, आणि तेव्हापासून गोंदियाकडचं गिऱ्हाईक आलं की सोमाजी मला हाक मारतात, "फोटोवाले, परजिल्ह्यातले पाव्हने आले, च्या सांगजा." कालपरवापर्यंत आपल्यातलीच असलेली माणसं एका सकाळी परकी झाली, हे त्यांना कधीच पटलं नाही. पुढे प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला, प्रत्येक जण फोटोग्राफर झाला, आणि माझ्या स्टुडिओत फोटो काढायला फक्त धूळ येऊ लागली. हे यासाठी सांगतो की पुढे मी जे केलं त्याला ही पार्श्वभूमी आहे. रिकामा माणूस काय काय करतो, आणि किती आनंदानं करतो!

सोमाजींच्या सुनेचं नाव रजनी. सानगडीची मुलगी, बी.कॉम., बोलण्यात चटपटीत. नवरा नागपूरला नोकरीला. तिनं घरात पाऊल ठेवलं तेव्हा सोमाजींकडे माल देणारे विणकर आठ घरांचे उरले होते, आणि ते आठही माग मोडीत काढायच्या गोष्टी करत होते. दिवसाला तीन गिऱ्हाइकं यायची, त्यातलं एक परीक्षेत नापास व्हायचं. रजनीनं महिनाभर हे पाहिलं. मग ती माझ्याकडे आली.

"भाऊ, तुमचे लाइट आहेत ना पडलेले? द्या मले. आपण लाइव्ह करू."

दर शनिवारी दुपारी तीन वाजता. मागे पांढरा पडदा, समोर माझे दोन दिवे, मधे स्टँडवर मोबाइल. रजनी पातळ उलगडून दाखवणार आणि देशभरातल्या बाया आपापल्या घरी बसून पाहणार. मोबाइलच्या पडद्यावर एका कोपऱ्यातून बदाम वर उडतात, खालून लोकांची वाक्यं सरकतात, आणि तिथल्या तिथे बटण दाबून खरेदी. मागे शोभेला म्हणून हातमाग मांडला आणि त्यावर सोमाजींना बसवलं. "मामाजी, तुम्ही फक्त विणत राहा. बोलायचं मी पाहते."

पहिल्याच शनिवारी एकशे चाळीस बाया आल्या. खालून वाक्यं सरकू लागली. पीपी. पीपी प्लीज. ब्लू वन पीपी.

सोमाजींनी विणता विणता मान वाकडी करून वाचलं. "हे पीपी का हाय वो?"

"किंमत विचारून राहिल्या, मामाजी. प्राइस प्लीज."

"किंमत मंग सांगू," सोमाजी मागावरून उठून थेट मोबाइलसमोर आले. त्यांचं नाक पडदाभर झालं. "हे निळं कोनाले पायजे? कोनासाठी?"

रजनीनं कपाळाला हात लावला. मी दिव्यामागे तोंडात रुमाल कोंबला. आणि खाली एकदम वाक्यांचा पाऊस पडला. 'आईसाठी काका.' 'माझ्यासाठीच हो काका.' 'सासूसाठी, पण खास नको.' सोमाजी फुलले. उभ्या आयुष्यात त्यांच्या प्रश्नाला एका वेळी इतकी उत्तरं आली नव्हती. एका बाईला त्यांनी सांगितलं, "तुमचा फोटो लय बारका हाय माय, पन त्यात तुमी पिवळंच घालून हाय. पिवळं तुमाले चांगलं नाय दिसत. कोनी सांगतलं नसन." एकीला म्हणाले, "नोका घेऊ. हे तुमाले जड जाईन. पुढच्या शनवारी या."

दुकानदार गिऱ्हाइकाला घेऊ नका म्हणतो! कोणीतरी तेवढाच तुकडा कापून त्याला मागून ढोलकी लावली आणि सोडून दिला. आठवड्यात लाखो लोकांनी पाहिला. पवनीत एवढी माणसं कधी आली नव्हती, ना जुन्या स्तूपाच्या विटा पाहायला, ना धरण पाहायला. लोक हसत होते. सोमाजींना वाटलं आनंदानं हसताहेत, आणि मी त्यांना तसंच वाटू दिलं. पातळं मात्र खपू लागली. आठही माग सुरू झाले, नववा कोणीतरी माळ्यावरून उतरवला.

हसण्याला मुदत असते, हे आम्हाला माहीत नव्हतं. तिसऱ्या महिन्यात ते आटलं आणि उरलं ते चिडणं. 'मी कोणासाठी घेते, यांना काय करायचंय?' 'दुकानदार आगाऊ आहे.' 'खाजगी चौकशा करतात. एक तारा.' आता हे तारे म्हणजे काय ते सांगतो. प्रत्येक गिऱ्हाईक दुकानाला एक ते पाच तारे देतं, आणि त्या ताऱ्यांवर वर बसलेलं यंत्र ठरवतं की तुमचं दुकान लोकांना दाखवायचं की झाकायचं. माणसाच्या कुंडलीत ग्रह वाकडे असले तर निदान शांत तरी करता येतात. इथे भटजीच नाही. तारे साडेतीनवर आले आणि एका शनिवारी आमच्या लाइव्हला बाया उरल्या नऊ. त्यातली एक रजनीची आई.

रजनी रात्रंदिवस चिडचिडली नाही. ती शहाणी पोर. तिनं सासऱ्यासमोर चहा ठेवला आणि सांगितलं, "मामाजी, विणकरांची आठ घरं आहेत आपल्यावर. तुम्ही आता काही विचारू नका."

"विचारलं नाय तर देऊ कसं?"

"द्यायचं नाही. त्या घेतात. तुम्ही मागावर बसा."

त्यांचा माइक काढला. मागाचा खटखटाट आवाजात येतो म्हणून धोटा न फेकता नुसते हात हलवायला सांगितलं. साठ वर्षं विणत आलेला माणूस दर शनिवारी तासभर सूत न हलवता विणू लागला. मी दिव्यामागून ते पाहायचो. त्यांचे हात हवेत इतके बरोबर जायचे, की पाहणाऱ्याला फक्त कापड दिसत नव्हतं एवढंच.

पण सोमाजी असे हार मानणारे नव्हेत. पार्सलवर गिऱ्हाइकाचा नंबर लिहिलेला असतो हे त्यांनी हेरलं. दुपारी रजनी आत गेली की ते दुकानाच्या फोनवरून एकेक नंबर लावत.

"हॅलो. मी सोमाजी बोलून राहिलो, पवनीवरून. तुमी ते लाल पातळ घेतलं ना?"

"हो. का?"

"कोनासाठी?"

"कोण बोलतंय? मी ओटीपी देणार नाही!"

"ओटीपी नोको माय, मानूस सांगा."

"मी पोलिसांत देईन!"

एका बाईनं खरंच तक्रार केली. पुण्याहून पोलिसाचा फोन आला. त्यानं समजून घेतलं, तोही हसला, आणि जाता जाता सोमाजींनी त्यालाही बायको कशी चालते ते विचारलं. पण रजनी घाबरली. तिनं दुकानाचा फोनच बंद केला. दुकानाच्या ऑनलाइन पानावरून नंबर काढला, पाटीवरचाही पुसला. यापुढे जे काही विचारायचं ते लिहून विचारा, उत्तर यंत्र देईल.

आणि यंत्राला उत्तरं कोणी शिकवली? इथे हा तुमचा सेवक प्रवेश करतो. माझं मराठी बरं आहे, शाळेत स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन मी करायचो. रजनी म्हणाली, "भाऊ, गोड गोड लिहून द्या." मी हात साफ करून घेतला. लाल रंगाला एक वाक्य, निळ्याला एक, हिरव्याला एक. 'वा! काय सुंदर निवड!' हे माझं. 'हा रंग आपल्यावर खुलून दिसेल' हेही माझं. बक्षिसाचं चाक फिरवायची कल्पना यंत्रवाल्यांची, पण 'अभिनंदन!' नंतरचं मजकुरी लावण्य माझंच. लोकांना आवडलं. तारे चारच्या वर गेले. यंत्र कोणाला काही विचारत नव्हतं, सगळ्यांना सुंदर म्हणत होतं. मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आयुष्यात मला एवढं गोड बोलला नाहीत." मी म्हणालो, "तू बटण कुठे दाबलंस?"

सोमाजींना रजनीनं आपला जुना मोबाइल दिला होता. त्यात आलेली विचारणा आणि गेलेली उत्तरं नुसती वाचता येत, लिहिता येत नसे. ते शनिवारी लाइव्हमध्ये मांडीवर ठेवून तोच वाचत बसायचे. एक हात खोटं विणायला, एक हात वाचायला.

त्या शनिवारी रजनी हिरवा करवतकाठी कोसा दाखवत होती, काठ राणी रंगाचा. बदाम उडत होते. एकाएकी सोमाजी मागावरून उठले, पुढे आले, आणि रजनीच्या हातातलं पातळ काढून घेऊन घडी घालू लागले. रजनी मोबाइलकडे पाहून हसत म्हणाली, "मामाजींना फारच आवडलं बरं का हे!" सोमाजींनी माझ्याकडे पाहिलं.

"फोटोवाले, गाडी काढ."

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी कायले म्हणून विचारलं नाही. मी किक मारली तोवर त्यांनी तो मोबाइल माझ्या हातात दिला. सकाळी आठ वाजताची विचारणा होती. नदीपलीकडच्या एका गावच्या माणसाची. शब्द जसेच्या तसे माझ्या लक्षात आहेत, कारण अर्धे माझेच आहेत.

'नमस्कार. हिरवं पातळ पायजे. आजच पायजे. काठ कोनताबी चालते.'

'वा! काय सुंदर निवड! हिरवा म्हणजे सौभाग्याचा रंग. हा रंग आपल्यावर खुलून दिसेल!'

'दुकान उघडं हाय का जी? घ्याले येतो.'

'घाई नको! आज तीन वाजता लाइव्ह पाहा. तोवर चाक फिरवा आणि बक्षीस जिंका!'

त्यानं चाक फिरवलं होतं. फिरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही असं त्याला वाटलं असावं.

'अभिनंदन! आपण एक डझन हिरव्या बांगड्या जिंकल्या आहात!'

'अकरा वाजता नेतील. त्याच्या आदी पायजे.' आणि खाली पत्ता. पूल उतरून उजव्या हाताला, पाण्याच्या टाकीजवळ.

'आपला अनुभव कसा वाटला?'

पाचही तारे दाबलेले होते.

आमच्याकडे कोणालाही हे वाचून कळलं असतं. लग्नाला कोणी आजच्या आज, काठ कोणताही चालेल, असं पातळ मागत नाही. नवरा जिवंत असताना बाई गेली, तर तिला हिरवं नेसवून नेतात. हातात हिरवा चुडा. आठ वाजता दुकानात फोन वाजला असता आणि सोमाजींनी उचलला असता, तर एकच प्रश्न विचारला असता, आणि साडेआठला ते पातळ पूल ओलांडून गेलं असतं.

आम्ही पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. टाकीजवळ एक कौलारू घर, अंगणात पाच-सहा माणसं, नदीवरून आंघोळ करून आलेली, ओल्या डोक्यांची. सोमाजींनी पातळाची पिशवी गाडीलाच राहू दिली आणि जाऊन त्यांच्यात बसले. मी मागे उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला कुठल्या कोपऱ्यात मावावं असं वाटत होतं.

"मी सोमाजी. पवनीवरून. पातळवाला."

पन्नाशीतला एक माणूस उठू लागला. त्याचं नाव भगवान. "अरे, तुमी कायले आले जी एवढ्या दूर? तुमचं उत्तर आलं होतं ना. लय गोड बोलते तुमच्याइथली बाई." मग अगदी विनवून म्हणाला, "तिले म्हना, बांगड्या राहू द्या. आता नोको."

मी जमिनीकडे पाहिलं. ती बाई तिथेच उभी होती, मिशा असलेली, चौकडीचा शर्ट घातलेली. सोमाजींनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. बोट तर दाखवलंच नाही.

"कोनतं नेसवलं मंग?"

"शेजारनीनं देल्लं एक. पिवळ्यावानी होतं. तिले पिवळं नाय आवडे." भगवान म्हणाला. "पन वेळ नव्हती."

सोमाजी त्याच्याजवळ सरकले. मग विचारलं, "नाव का होतं?"

"इंदू."

"कशी होती?"

तोच प्रश्न. तहसीलदाराला विचारलेला, लाखो लोकांनी ढोलकीवर ऐकलेला. अंगणातल्या माणसांनी माना वर केल्या. भगवाननं सोमाजींकडे पाहिलं, आणि सकाळपासून कोणी जे विचारलं नव्हतं ते त्यानं सांगायला सुरुवात केली. उंच होती. सावळी. धानाच्या रोवणीच्या दिवसात बांधावरून अशी चालायची की बाकीच्या बाया मागे राहायच्या. हसायची जोरात, सासूला आवडायचं नाही.

"झपझप चालनारी," सोमाजी म्हणाले. "मंग काठ हलका पायजे. रानी रंगाचा."

"हव जी," भगवान म्हणाला. "रानीच आवडे तिले." आणि तो रडू लागला.

परत येताना पुलाच्या अलीकडे चहाच्या टपरीवर मी गाडी थांबवली. मला माफी मागायची होती. सगळ्या रंगांना गोड वाक्यं लिहून देणाऱ्या माणसाला एक वाक्य जुळेना. सोमाजीच बोलले, कपात पाहत.

"आमच्या घरी माह्या बायकोनं कदी बिनडागी पातळ नेसलं नाय, फोटोवाले. मागावर धागा तुटलेलं, काठ चुकलेलं, जे गिऱ्हाइकाले देता येत नाय ते तिचं. म्हने, घरातच तर हाय, कोन पाहते. मी नागपूरले गेलो होतो माल घेऊन. मागं ती गेली. लोकायनं घाईघाईत कपाट उघडलं, तिच्या घडीतलं वरचं काढलं, नेसवलं. डागीच निघालं." त्यांनी चहा संपवला. "दुकानात दोनशे पातळं होते. तीस वर्षं पवनीतल्या सगळ्या बायायले नेसवलं मी. पन तुले कोनतं पायजे म्हनून घरात कदी विचारलं नाय."

रजनीनं हे ऐकलं तेव्हा ती खूप रडली. ते दिखाऊ नव्हतं. तिनं दुकानाचा फोन परत सुरू केला, पण आता तो कोणी लावत नाही. लोकांना लिहायची सवय लागली आहे. मग तिनं यंत्रवाल्या कंपनीशी बोलणं केलं. पडद्यावर एक टाय लावलेला मुलगा आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि खूश झाला. म्हणाला, ही फारच छान कल्पना आहे, गिऱ्हाइकाला आधीच विचारायचं. त्यांनी यंत्रात पहिलाच प्रश्न टाकला. 'कोणासाठी हवी?' खाली बटणं. आई. पत्नी. बहीण. स्वतःसाठी. इतर.

आणि आता, वाचकहो, गंमत बघा. सोमाजींनी विचारलं तेव्हा ज्यांचा खाजगीपणा भंगला, ज्यांनी पोलिसांत तक्रार केली, त्याच बाया यंत्रानं विचारल्यावर पटापट बटणं दाबू लागल्या. कोणाला काही वाटत नाही. आई दाबलं की आईची आठवण करून देणाऱ्या जाहिराती वर्षभर येत राहतात. बहीण दाबलं की राखी पौर्णिमेच्या पंधरा दिवस आधी. ती उत्तरं कुठे जातात, कोण विकत घेतं, आम्हाला ठाऊक नाही. यंत्र विचारतं, पण कशी आहे ते विचारत नाही. तारे पावणेपाचवर आहेत. माग अकरा झाले आहेत. हे सगळं चांगलंच झालं असं मी सगळ्यांना सांगतो, आणि ते खरंही आहे.

हिरवं पातळ सोमाजींनी परत विक्रीला ठेवलं नाही. खालच्या फळीवर वेगळं ठेवलंय. त्यावर चिठ्ठी आहे, 'इंदू.' शेजारी आणखी एक घडी आहे, नवी कोरी, एकही धागा न चुकलेली. तिच्यावर चिठ्ठी नाही. कोणी विचारलं तर म्हणतात, गिऱ्हाईक यायचं हाय.

दुपारी मी त्यांच्या पायरीवर जाऊन बसतो. माझ्या दुकानात तसंही कोणी येत नाही. सोमाजी जुना मोबाइल मांडीवर घेऊन उत्तरं वाचत असतात. ओठ हलतात. आई. आई. स्वतःसाठी. पत्नी. प्रत्येक उत्तराला हात आपोआप मागच्या कपाटाकडे जातो, अर्ध्यात थांबतो, परत मांडीवर येतो.

परवा तो हात मांडीवर परत आलाच नाही, तिथेच अधांतरी राहिला. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. लातूरकडच्या कोणीतरी शेवटचं बटण दाबलं होतं.

"फोटोवाले," ते म्हणाले, "इतर म्हनजे कोन असन गा?"

माझ्याकडे लाल रंगाला वाक्य आहे, निळ्याला आहे. मी गाडीची किल्ली चाचपली. लातूर फार लांब आहे.